सात गाठींचं बाड

गोमतीच्या घरातून काही म्हणून टाकून दिलं जात नसे. राकेलचा डबा गंजला की त्याला भोकं पाडून त्यात मोगरा लागे. फुटक्या बांगड्या दिव्याच्या ज्योतीवर वाकवून त्यांच्या साखळ्या होत आणि त्या मधल्या दाराला लटकत. तिरुभुवनमला मागांखाली रेशमाची टोकं पडतात, विणकरांच्या बायका ती केराबरोबर लोटून देतात. गोमती ती पिशवीभर मागून आणी आणि देवघराला तोरण करी. मग दोन महिन्यांनी रेशमाचा नाद सुटे आणि करवंट्यांचा लागे. करवंट्या संपल्या की सुपारीच्या झाडाच्या गळलेल्या पोयी. तिच्या हातांना रिकामं बसण्याची सवयच नव्हती, आणि एकच एक गोष्ट फार दिवस करण्याचीही नव्हती.

समोरच्या घरातली शिवकामी तिला तोंडावर ‘कुप्पै मामी’ म्हणे, म्हणजे कचरेवाली मामी. गोमती हसे. नवरा, शामसुंदरराव, तालुका कचेरीत कारकून. तो जेवताना म्हणे, “मी म्हातारा झालों कीं माझं काय करणार तें आतांच ठरवून ठेव. ऐन वेळीं घाई नको.”

“तुमचं काय होणार,” ती ताक वाढत म्हणे, “तुम्हांत कामाचं लाकूड कुठं आहे?”

कुंभकोणमच्या त्या गल्लीत अशी आठ-दहा मराठी घरं होती. अडीचशे वर्षांमागे तंजावरच्या राज्याबरोबर इकडे आलेली. राज्य गेलं, इंग्रज सरकार आलं, माणसं राहिली. घरात मराठी, तीही पणज्यांच्या वेळची, ओट्याखाली पाय ठेवला की तमिळ, कचेरीत इंग्रजी. गोमतीला आईने पोथी वाचण्यापुरती बाळबोध अक्षरं शिकवली होती. शाळेत तमिळ. मोडी मात्र त्या घरात सासऱ्यांना येत होती आणि सासऱ्यांबरोबर ती गेली. आठ घरं पलीकडे हनुमंतराव म्हणून एक पेन्शनीतले म्हातारे होते, त्यांना तेवढी वाचता येई. त्यांच्याकडे मोडी घेऊन कुणी जात नसे.

छत्तीस सालच्या आषाढात गोमतीची मावसबहीण वसंता आडुतुरैहून आली. येताना कागदाच्या लगद्याची एक टोपली घेऊन आली. हलकी, टणक, वाजवली तर मडक्यासारखी वाजणारी. गोमतीने ती उलटीपालटी केली, नखाने टोकरली, वास घेतला.

“मेथी?”

“मेथी आणि चिंचोक्याची खळ,” वसंता म्हणाली. “मेथीनं कीड लागत नाहीं. पण कागद फार लागतो गे. तुझ्याकडे इतका कुठला?”

कागद माळ्यावर होता. सासरे कुणाकुणाचे अर्ज, पत्रं लिहून देत. त्यांचे कच्चे खर्डे, जुनी पंचांगं, सगळं त्यांनी जपून ठेवलं होतं. गोमतीने विचारलं तेव्हा शामसुंदररावाने एक गठ्ठा हातात घेतला, पहिलं पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि खाली ठेवला.

“मोडी आहे. मज काय कळतंय? घे. नाहींतर वाळवी घेणारच आहे.”

ती माळ्यावर चढली. गठ्ठे सुतळीने बांधलेले होते, ओबडधोबड, कडा बाहेर आलेल्या. अगदी मागे, भिंतीला टेकून, एक बाड निराळं होतं. तांबड्या रेशमी फडक्यात बांधलेलं, आणि त्यावर दोरीच्या गाठी. तिने मोजल्या, सात. त्या सोडवायला तिला बराच वेळ लागला. आत कागद एकावर एक नीट लावलेले, कडा जुळलेल्या. दोन्ही बाजूंना रुंद समास सोडलेला. अधूनमधून एखाद्या ओळीखाली तांबड्या शाईची रेघ.

गोमतीचे हात जरा थांबले. रद्दीला कुणी सात गाठी मारत नाही, एवढं तिला कळत होतं. पण नवरात्राला दोनच महिने राहिले होते, अंगणात घंगाळात पाणी भरून ठेवलेलं होतं, वसंता खालून हाका मारत होती, आणि ती तांबडी रेघ तिला फार सुरेख वाटली. तिने मनाशी ठरवलं की एवढ्या चांगल्या कागदाचा लगदा करायचा तो थोडाच. बाकीच्याच्या पट्ट्या फाडून टोपल्यांना आतून चिकटवायच्या, अक्षरं दिसतील अशा. म्हणजे वाया नाही जाणार. असं तिने स्वतःला सांगितलं आणि ती बाड घेऊन खाली उतरली.

कागद चार दिवस भिजला. तिने उखळात तो कुटला, मेथी वाटून घातली, चिंचोक्याची खळ शिजवून ओतली. तेल लावलेल्या तांब्यापातेल्यांवर लगदा थापून गच्चीत वाळवला. मग आतून त्या मोडीच्या पट्ट्या. ती अक्षरं तिला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत, एकमेकींचा हात न सोडणारी. त्यावर चंद्रसाचं रोगण. अकरा टोपल्या झाल्या, बाडातलं एकही पान उरलं नाही. तांबड्या फडक्याचा तिने कोलूतल्या लाकडी बाहुलीला परकर शिवला.

कोलू म्हणजे नवरात्रात पायऱ्या-पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या. गल्लीतल्या साऱ्या बायका एकमेकींकडे बघायला जातात, गाणं म्हणतात, सुंडल म्हणजे फोडणीचे उकडलेले चणे खातात, आणि विड्याबरोबर काहीतरी घेऊन घरी येतात. त्या वर्षी गोमतीकडून बायका टोपल्या घेऊन गेल्या. शिवकामीने टोपली डोक्यावर पालथी घालून दाखवली आणि सगळ्या हसल्या. “कुप्पै मामी म्हणते ते परत घेते,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षापर्यंत.”

मीनाक्षीबाई शेवटी आल्या. त्या साठीच्या, तीन घरं पलीकडे राहत. त्यांचे यजमान तिरुनीलक्कुडीची शेती बघत आणि आठवड्यातून दोनदा घरी येत. एरवी त्या एकट्याच. कीर्तनकार जानकीरामबुवांची ही मुलगी; म्हातारपणी बुवा हिच्याकडेच राहत. बुवा जाऊन दहा वर्षं झाली होती, तरी देवळात कुणी नवा कीर्तनकार उभा राहिला की म्हातारे लोक अजून म्हणत, बुवांची सर नाही. मीनाक्षीबाईंनी उरलेल्या तीन टोपल्या हातात घेऊन पाहिल्या आणि जिच्यात अक्षरं जास्त होती ती निवडली.

“ही मज दे. बाबा असंच लिहीत,” त्या म्हणाल्या. “मोडी बघितली कीं घर भरल्यासारखं वाटतं गे. वाचतां नाहीं आली तरी.”

गोमतीला त्या वेळी फार आनंद झाला. पुढे तिला हा आनंदच सगळ्यांत जास्त टोचला.

मार्गळी महिना, म्हणजे धनुर्मास, लागला. एका सकाळी देवळातलं भजन आटोपून मीनाक्षीबाई तशाच ओल्या केसांनी गोमतीकडे आल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसल्या.

“एक काम आहे. घाईचं नाहीं. रामनवमीला आमचा राजगोपाल इथं देवळांत कीर्तन करणार आहे. माझ्या भावाचा मुलगा, तंजावरचा. म्हणतो, आजोबांचींच पदं म्हणीन. तर बाबांचं बाड तेवढं काढून ठेव.”

“कसलं बाड, अक्का?”

“अगे, चोवीस सालीं कावेरीला पूर आला, आमचं छप्पर गळायला लागलं, तेव्हां बाबांनीं तुझ्या मामंजींकडे नेऊन ठेवलेलं. तांबड्या फडक्यांत आहे. मग बाबा गेले, तुझे मामंजी गेले. मीहि म्हटलं, तिथंच बरं आहे. माझ्या घरापेक्षां तुझं घर कोरडं.”

चुलीवर भात उतू जात होता. गोमतीने झाकण काढलं, पुन्हा ठेवलं.

“माळ्यावर असेल,” ती म्हणाली. “बघतें.”

त्या गेल्यावर तिला भात वाढायचंही भान राहिलं नाही. दुपारी ती घरात राहिलेल्या दोन टोपल्यांतली एक पदराखाली घेऊन हनुमंतरावांकडे गेली. मनात अजून एक लहानशी आशा होती, की हे दुसरंच काही असेल. कुणाचा अर्ज, कुणाचं भांडण.

हनुमंतरावांनी दोऱ्याने बांधलेला चष्मा कानावर चढवला आणि टोपली खिडकीकडे धरली. ओठ हलवत ते थोडा वेळ वाचत राहिले.

“‘पाय धुऊन ये विठ्ठला, ओसरी मी सारवि…’ इथं फाटलं. पुढची पट्टी भलतीच आहे, ‘तुळशीच्या’ कांहींतरी, मग उलटं चिकटवलंय.” त्यांनी टोपली फिरवली. “हें जानकीरामबुवांचं. हा चरण मीं त्यांच्या तोंडून ऐकलाय. तुज कुठं मिळालं?”

“रद्दींत.”

“कुणाच्या रद्दींत?”

म्हाताऱ्याने चष्मा काढला, काचा धोतराला पुसल्या, पुन्हा घातला नाही.

“मी रोज दुपारीं रिकामाच असतों बाळ,” ते म्हणाले. “एक पान आणून दाखवलं असतंस तर वाचून सांगितलं असतं. आठ घरं तर आहेत मधें.”

रागावले असते तर बरं झालं असतं. घरी येताना ती मीनाक्षीबाईंच्या दारावरून गेली नाही, तलावाच्या बाजूने लांबून आली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. शामसुंदरराव बराच वेळ पान चघळत राहिला. तोही थोडा अपराधी होता, पण ते त्याच्या लक्षात यायला वेळ लागला.

“वाळवीनं खाल्लं म्हण,” तो म्हणाला. “वाळवी कांहीं साक्ष द्यायला येत नाहीं. त्यांनाहि वाईट वाटेल, तुजहि वाईट वाटेल, संपलं.”

ही वाळवी गोमतीच्या मनात घर करून बसली. किती सोपी होती. कुणाचीच चूक नाही. ती तीन आठवडे ते वाक्य तोंडात घोळवत राहिली, स्वयंपाक करताना, फुलं ओवताना: काय करावं अक्का, वाळवीनं खाल्लं. देवळात मीनाक्षीबाई दिसल्या की ती खांबाआड सरके. एकदा त्यांनी गल्लीतून हाक मारली, “सांपडलं का गे?” तेव्हा ती म्हणाली, “अजून पुरता माळा बघितला नाहीं,” आणि आत जाऊन पाणी प्यायली.

दरम्यान तिने टोपल्या गोळा करायला सुरुवात केली. रोगण नीट लागलं नाही, पुन्हा लावून देते, असं सांगून ती घरोघर गेली. चार मिळाल्या. एकीत वांगी ठेवून ठेवून बूड काळं पडलं होतं. एक कुणी माहेरी पाठवली होती. एक उंदरांनी कुरतडली होती. मेथी उंदरांना चालत असावी. शिवकामीने आपली दिली, पण डोळे बारीक करून विचारलं, “मामी, तुम्ही दिलेलं परत मागायला कधी लागलात? तब्येत बरी आहे ना?” गोमती टोपली घेऊन ओटा उतरली. आयुष्यात पहिल्यांदा तिचे हात रिकामे राहायला लागले. रेशमाच्या टोकांची पिशवी खुंटीवर तशीच होती. कशाला हात लावला की तिला वाटे, हे कुणाचं आहे?

घरी सहा टोपल्या झाल्या. वाफेवर धरून पट्ट्या सुटतात का ते तिने पाहिलं. रोगण पिवळं होऊन फुगलं आणि अक्षर त्याच्याबरोबर निघून आलं. तिने ती टोपली बाजूला ठेवली आणि पुन्हा तसं केलं नाही.

पोंगल झाला. तिसऱ्या दिवशी, सकाळची कामं उरकून, तिने टोपल्या एका चादरीत बांधल्या, वर त्या बाहुलीचा परकर उसवून, घडी घालून ठेवला, आणि मीनाक्षीबाईंकडे गेली. निघताना तिला वाटलं होतं, सगळं सांगायचं. तीन घरं ओलांडेपर्यंत वाळवी पुन्हा तोंडाशी आली.

मीनाक्षीबाई ओसरीवर कांदे निवडत बसल्या होत्या. कांदे टोपलीत होते. गोमतीच्या टोपलीत.

“ये गे. बस. सांपडलं वाटतं,” चादरीकडे बघून त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की गोमतीला खाली बघावं लागलं.

“अक्का, तें बाड… वाळ…”

“वाळवी लागली?” मीनाक्षीबाईंनी हातातला कांदा खाली ठेवला. “होय, मज वाटलंच होतं. किती वर्षं झालीं. कांहीं पानं राहिलीं असतील कीं.”

वाक्य त्यांनीच पुरं करून दिलं होतं. नुसती मान हलवायची होती. गोमतीने मान हलवली नाही. तिने चादरीची गाठ सोडली.

“वाळवी नाहीं लागली. मीं फाडलं. ह्या टोपल्या त्याच्याच आहेत.” आणि मग थांबता आलं नाही म्हणून पुढेही बोलली. “तुमच्या पुढ्यांतली सुद्धां.”

मीनाक्षीबाईंना ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी आपल्या टोपलीतले कांदे एकेक करून काढले, जमिनीवर ठेवले, सालपटं झटकली, पदराने आतली बाजू पुसली आणि ती उन्हात धरली. वाचता त्यांनाही येत नव्हतं. त्यांचं बोट अक्षरांवरून नाही, अक्षरांच्या डोक्यावरून फिरत गेलं.

“बाबा आधीं कागदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढीत,” त्या म्हणाल्या. “मग तिला अक्षरं टांगीत. मी समोर बसून बघत असें. शेवटाला त्यांची रेघ जरा खालीं उतरायची. ही बघ, उतरलीय.”

गोमतीने बघितलं. उतरली होती.

“तीन महिने मीं ह्यांत कांदे ठेवले.”

“अक्का…”

“तुज कधीं कळलं?”

“मार्गळींत. तुम्ही मागायला आलांत तेव्हां.”

“त्याच दिवशीं?”

“त्याच दिवशीं.”

“म्हणजे महिनाभर तूं रोज मज बघत होतीस आणि मी ह्यांत कांदे ठेवीत होतें.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “फाडलंस तें अजाणतां. हें तर जाणूनच कीं.”

“फाडलं तेंहि…” हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. “सात गाठी होत्या. कागद नीट लावलेले होते. मज कळलं होतं अक्का, कीं हें कुणीतरी जपलेलं आहे. काय आहे तें नाहीं कळलं, पण जपलेलं आहे हें कळलं होतं. हनुमंतकाकांना विचारतां आलं असतं. मज घाई होती. नवरात्र आलं होतं.”

मीनाक्षीबाईंनी परकराचं फडकं उचललं, उलगडलं. ते अर्धगोल कापलेलं होतं. त्यांनी ते मांडीवर ठेवलं. “आईच्या लुगड्याचं,” एवढंच म्हणाल्या. मग कुणाला ऐकवायचं नसल्यासारखं त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली. पाय धुऊन ये विठ्ठला, ओसरी मी सारविली. दुसऱ्या ओळीला सूर होता, शब्द अर्धेच होते. तिसरीला नुसता सूर राहिला. त्या थांबल्या.

“तुम्हांला येतात तीं मी लिहून काढतें,” गोमती घाईने म्हणाली. “रोज येतें. जेवढं आठवेल तेवढं. बाळबोधींत लिहितें, म्हणजे…”

“लिहून काय करायचंय गे,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “लिहिलेलंच होतं.”

गल्लीतून एक बैलगाडी गेली. मग मीनाक्षीबाई उठल्या, आत गेल्या, आणि दऊत, टाक आणि एक पोस्टकार्ड घेऊन आल्या. राजाचं तोंड छापलेलं, कोरं.

“राजगोपालला कळवायला हवं. तो रामनवमीची तयारी करून बसेल. तूं लिही.”

“मी?”

“मी काय लिहूं? मीं फाडलं का?”

गोमतीने कार्ड मांडीवर पाटाच्या फळीवर ठेवलं. कार्ड उघडं असतं, हे तिला टाक बुडवताना लक्षात आलं. गल्लीत टपाल आणणारा गुरुमूर्ति येणारं-जाणारं प्रत्येक कार्ड वाचतो आणि पुढच्या घरी पोचेपर्यंत त्याची बातमी झालेली असते, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. कुणाची सून रुसली, कुणाचा मुलगा परीक्षेत बुडाला, सगळं त्याच्याचकडून कळे.

“अक्का, पाकीट नाहीं का?”

“आहे.”

त्या उठल्या नाहीत. गोमतीने थोडी वाट पाहिली. मग तिला दुसरी वाट सुचली, आणि सुचली याचीही लाज वाटली. बाळबोधीत लिहिलं तर गुरुमूर्तीला काय वाचता येणार आहे?

“मराठींतच लिहूं ना?” तिने विचारलं.

मीनाक्षीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. लहान मुलाच्या मुठीत काय आहे ते आधीच ठाऊक असलेल्या माणसासारखं पाहिलं.

“तमिळमधें लिही,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना वाचतां येऊं दे.”

गोमतीने तमिळमध्ये लिहिलं. नमस्कार लिहिला, आपलं नाव लिहिलं, कुणाची बायको ते लिहिलं. तुमच्या आजोबांची पदं आमच्या घरी ठेवायला दिली होती, ती मी फाडली आणि त्यांच्या टोपल्या करून गल्लीत वाटल्या, असं लिहिलं. सहा हाती आहेत, एक तुमच्या आत्याकडे आहे. जे वाचता येतं ते हनुमंतराव वाचून देतील. मग जागा थोडी उरली होती. त्यात तिने बारीक अक्षरात लिहिलं की बाड वेगळं बांधलेलं होतं आणि ते मला तेव्हा दिसलं होतं.

तिने ते मीनाक्षीबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “शाई वाळूं दे.” आणि जमिनीवरचे कांदे गोळा करून सुपात भरायला लागल्या. गोमती मदतीला वाकली, तर त्यांनी सूप जरासं आपल्याकडे ओढून घेतलं.

गुरुमूर्ति साडेदहाला गल्लीत आला. गोमती आपल्या घरच्या ओट्यावरून खाली उतरली आणि कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने सवयीने ते उलटं केलं, पहिली ओळ वाचली, तिच्याकडे पाहिलं, आणि ती अजून समोरच उभी आहे हे बघून ओशाळून कार्ड पिशवीत घालायला लागला.

“वाच,” गोमती त्याला तमिळमध्ये म्हणाली. “मला घाई नाही.”

समोरच्या ओट्यावर शिवकामी रांगोळीचं पीठ घेऊन उभी राहिली होती. गुरुमूर्तीने कार्ड पुन्हा बाहेर काढलं. तो ओठ हलवत, सावकाश, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत वाचत गेला आणि गोमती ऊन डोळ्यांवर घेत तिथेच उभी राहिली.